स्टेटस पोरांचं, राजकारण कुणाचं?

दहावी-बारावीच्या पोरांना राजकारणातलं काय कळतंय, असं अजूनही पारावर बोललं जातं. बोलणाऱ्याच्या शेजारी बसलेल्या नातवाने मात्र सकाळपासून तीन स्टेटस ठेवलेले असतात. एक आरक्षणावर, एक आमदारावर, एक कुठल्या तरी इतिहासाच्या वादावर. आजोबा पेपर वाचून जेवढं बोलतात, त्याच्या चौपट नातू रात्री अकरानंतर इन्स्टाग्रामवर भांडतो. घरात कुणाला पत्ता नसतो. पत्ता लागतो तो पोलीस पाटलांचा फोन आल्यावर.

हा काही चार-दोन पोरांचा प्रश्न राहिलेला नाही. 'असर' नावाचा अहवाल खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी करतो. २०२४ च्या पाहणीत त्यांनी १४ ते १६ वयाच्या मुलांना मोबाईलबद्दल विचारलं. देशभरातल्या ग्रामीण भागातली ८२ टक्के मुलं म्हणाली, स्मार्टफोन वापरता येतो. मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरला म्हणणारी ५७ टक्के, आणि सोशल मीडियासाठी वापरला म्हणणारी ७६ टक्के. म्हणजे लॉकडाऊनमध्ये 'अभ्यासाला पाहिजे' म्हणून उसनवारी करून घेतलेला फोन आता कशाला जास्त वापरला जातो, ते स्पष्ट आहे.

पण यावरून लगेच 'पोरं बिघडली' असा निकाल देणं घाईचं होईल. कारण हीच पोरं कधी कधी मोठ्यांना लाजवेल असं राजकारण बोलतात. त्याचं एक उदाहरण आधी बघू, कारण ते आपल्या मराठवाड्याशी थेट जोडलेलं आहे.

४ जून २०२४. लोकसभेचा निकाल. गावागावात टीव्हीसमोर गर्दी, कोण पडला कोण आला याचा हिशोब. त्याच दिवशी संध्याकाळी नीटचा निकाल लागला. खरं तर तो १४ जूनला लागायचा होता. डॉक्टर व्हायचं म्हणून देशभरातून २३ लाखांवर मुलं परीक्षेला बसली होती, त्यात लातूर-नांदेडला खोल्या करून राहिलेली आपल्या तालुक्यांतली पोरंपोरीही होती. मोठी माणसं गुलाल उधळत होती, तेव्हा ही मुलं मोबाईलवर बेरजा करत बसली होती.

बेरीज साधी होती. प्रश्न १८०, प्रत्येकाला ४ गुण, एकूण ७२०. एक प्रश्न चुकला तर ते ४ जातात आणि वर १ कापला जातो, म्हणजे ७१५. एक सोडून दिला तर ७१६. मग काही जणांना ७१८ आणि ७१९ आले कुठून? हा प्रश्न आधी मुलांनी विचारला. टेलिग्रामच्या ग्रुपवर, एक्सवर, यूट्यूबच्या कमेंटमध्ये. पाठोपाठ दुसरा प्रश्न आला: पैकीच्या पैकी ७२० मिळवणारे एकदम ६७ कसे? त्यातले काही जण हरियाणातल्या एकाच केंद्रावरचे कसे? परीक्षा घेणाऱ्या एनटीएला मग सांगावं लागलं की, पेपरला वेळ कमी मिळाला म्हणून १,५६३ जणांना वाढीव गुण दिले होते. १३ जूनला सुप्रीम कोर्टात ते गुण मागे घेत असल्याचं सांगण्यात आलं आणि २३ जूनला त्या मुलांना फेरपरीक्षेची संधी मिळाली.

पुढे भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचं प्रकरण निघालं. जुन्या पुस्तकाप्रमाणे एक उत्तर, नव्याप्रमाणे दुसरं, आणि एनटीएने दोन्ही बरोबर धरलेली. कोर्टाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांना विचारलं. बरोबर उत्तर एकच निघालं. सुधारित निकालात पैकीच्या पैकी वाले १७ उरले. दरम्यान लातूरमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळांवरील दोन शिक्षकांसह चौघांवर गुन्हा दाखल झाला आणि तपास सीबीआयकडे गेला. सबंध परीक्षा रद्द करायला मात्र कोर्टाने २३ जुलैला नकार दिला. पाटणा आणि हजारीबागला पेपर फुटला हे खरं, पण सगळी परीक्षाच नासली असं दिसत नाही, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. त्यावर पोरांत दोन तट पडले, अजूनही आहेत.

हे राजकारण नाही तर काय? सरकारी यंत्रणेला हिशोब विचारणं, पुरावा मागणं, कोर्टाचा निकाल वाचून त्यावर वाद घालणं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी हे केलं. त्यांना ते जमलं, कारण विषय त्यांच्या अंगावरचा होता. गुण कसे मोजतात हे त्यांना कुठल्याही नेत्यापेक्षा जास्त माहीत होतं. फेकाफेकी चालणार नव्हती, कारण वाचणाऱ्या दुसऱ्या पोरालाही बेरीज येत होती.

आता नाण्याची दुसरी बाजू. ६ जून २०२३, शिवराज्याभिषेक दिन. कोल्हापुरात काही जणांनी आक्षेपार्ह स्टेटस ठेवल्याची बातमी पसरली. दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला, जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. जिल्ह्यात इंटरनेट बंद करावं लागलं. या प्रकरणात अल्पवयीन मुलंही होती. २४ तासांत आपोआप पुसलं जाणारं ते स्टेटस, पण त्यापायी अख्ख्या शहराचा धंदा बसला आणि पोरांच्या घरच्यांना तोंड लपवायची वेळ आली.

मराठवाड्याचं सांगायला नको. २०२४ च्या लोकसभेनंतर बीड जिल्ह्यात पोस्टवरून गावं बंद झाली. जातीवरून मनं इतकी फाटली की पुढे तिथल्या पोलीस अधीक्षकांनी पोलिसांच्या छातीवरच्या पट्टीवरून आडनावच काढून टाकलं, नुसतं नाव ठेवलं. पोलिसांची ही गत, तर एका बाकावर बसणाऱ्या पोरांची काय असेल? कालपर्यंत एकमेकांच्या डब्यातलं खाणारी पोरं एकमेकांना ब्लॉक करून बसली.

या दुसऱ्या प्रकारच्या चर्चेत एक गोष्ट नीट बघा. नीटच्या वेळी पोरं स्वतः लिहीत होती. इथे ती स्वतः काहीच लिहीत नाहीत. रील कुणीतरी बनवलेली असते, मागे गाणं कुणीतरी लावलेलं असतं, फोटोवरचं वाक्य कुठल्या तरी नेत्याच्या पोस्टर बनवणाऱ्याने टाईप केलेलं असतं. पोरगं फक्त उचलतं आणि लावतं. त्यातल्या इतिहासाची तारीख विचारली तर सांगता येत नाही. पण अंगठा त्याचा, नंबर त्याचा, डीपीवर तोंड त्याचं. बनवणारा लांब कुठे एसीत बसलेला असतो. जबाब द्यायला जातो तो अकरावीतला पोरगा आणि त्याचा बाप, त्या दिवसाची मजुरी बुडवून.

गावातले काही मोठेही यात मागे नाहीत, हे बोललंच पाहिजे. निवडणूक आली की 'तुझे फॉलोअर जास्त आहेत, आपलं एवढं टाक' म्हणून दहावी-बारावीच्या पोरांच्या हातात व्हिडिओ देणारे कार्यकर्ते प्रत्येक पक्षात आहेत. रिचार्ज मारून दिला, टी-शर्ट दिला, साहेबांसोबत फोटो दिला की काम झालं. अशांना एक कलम माहीत असावं. बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ मध्ये लिहिलंय, प्रौढ माणसाने बेकायदा कामासाठी मुलांचा वापर केला तर ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख दंड होऊ शकतो. साधा प्रचाराचा व्हिडिओ म्हणजे गुन्हा नव्हे. पण दोन समाजांत भांडण लावणारा व्हिडिओ पोराच्या नंबरवरून फिरवला, तर हे कलम आडवं येऊ शकतं.

पोलिसांचा फोन आलाच तर काय, हे आईबापांनी शांतपणे समजून घ्यावं. स्टेटसच्या भानगडीत बहुतेक वेळा भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ लागतं, म्हणजे समाजांत द्वेष पसरवणं, किंवा २९९, म्हणजे धार्मिक भावना दुखावणं. दोन्हीला सर्वसाधारणपणे ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलगा १८ च्या आत असेल, तर त्याला पोलीस कोठडीत किंवा जेलात ठेवता येत नाही. बेड्या घालता येत नाहीत. आईवडिलांना कळवावं लागतं, आणि ताब्यात घेतलं तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. अशा छोट्या शिक्षेच्या गुन्ह्यात एकट्या अल्पवयीनावर एफआयआर नोंदवू नये, डायरीत नोंद करावी, असं नियम सांगतो. तेव्हा ठाण्यात गेल्यावर आधी वयाचा पुरावा द्या. शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र चालतं, आधारवर विसंबू नका.

पण या नियमाला दोन दारं आहेत. गुन्हा प्रौढांसोबत मिळून केल्याचा आरोप असेल तर एफआयआर होऊ शकतो. आपल्याकडे टोळकं कधी एका वयाचं नसतं. १६ वर्षांचा, १९ वर्षांचा आणि २४ वर्षांचा एकाच कट्ट्यावर बसतात, एकाच ग्रुपवर असतात. आणि दुसरं, १८ पूर्ण झाले की दुसऱ्या दिवसापासून सगळं बदलतं. बारावीतली कितीतरी मुलं १८ ची झालेली असतात. एखादं वर्ष मागे पडलेली तर हमखास.

पोलीस भरतीसाठी पहाटे चार वाजता रस्त्यावर पळणारी पोरं प्रत्येक गावात आहेत. मैदान मारलं, लेखी काढली, आणि चारित्र्य पडताळणीत दोन वर्षांपूर्वीच्या स्टेटसचा गुन्हा निघाला, तर काय करायचं? अग्निवीरला तेच, पासपोर्टला तेच. १८ च्या आत झालेल्या प्रकरणामुळे पुढे अपात्र धरू नये असं कायदा सांगतो. मोठेपणी नोंदलेल्या गुन्ह्याला ते संरक्षण नाही.

आणखी एक. पोराने काही चुकीचं टाकलं की त्याचा स्क्रीनशॉट नाव-गावासकट गावच्या ग्रुपवर फिरवायची घाई असते. प्रकरण पोलिसांत गेलेल्या अल्पवयीन मुलाची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे. ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा नियम आम्हा बातमीवाल्यांना आहेच, मोबाईलवाल्या प्रत्येकाला सुद्धा आहे. ग्रुप ॲडमिन मंडळींनी मात्र फार घाबरू नये. सदस्याने काही टाकलं म्हणून केवळ ॲडमिन आहे एवढ्यावर गुन्हा ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलंय. त्याला सामील असलात तर गोष्ट वेगळी.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग पोरांना राजकारण बोलूच देऊ नका. तेही बरोबर नाही. सरकारवर, आमदारावर, सरपंचावर टीका करणं हा गुन्हा नाही. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंदवर फेसबुकवर प्रश्न विचारला म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाईक केलं होतं. देशभर आरडाओरडा झाला, प्रकरण बंद झालं, पोलीस अधिकारी निलंबित झाले. त्या घटनेनंतर कोर्टात गेलेल्या याचिकेवरच २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आयटी कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. तेव्हा 'रस्त्याचं काम निकृष्ट झालंय' असं स्टेटस ठेवणाऱ्या पोराला कुणी दम देत असेल, तर चूक दम देणाऱ्याची.

बंदीचं म्हणाल तर जगात दोन्ही प्रयोग चालू आहेत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ च्या आतल्यांना सोशल मीडियाची खाती बंद केली. तिथे सरकारने जबाबदारी कंपन्यांवर टाकलीय, पोरांवर किंवा आईबापांवर नाही, हे लक्षात घेण्यासारखं. नेपाळने सप्टेंबर २०२५ मध्ये एकदम २६ ॲप बंद केले. नेत्यांच्या पोरांच्या ऐषारामाचे व्हिडिओ तिथे आधीच फिरत होते. ८ सप्टेंबरला शाळा-कॉलेजच्या गणवेशातली मुलंसुद्धा रस्त्यावर आली, गोळीबार झाला, पहिल्याच दिवशी १९ जण गेले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली यांना राजीनामा द्यावा लागला. पोरांनी डिस्कॉर्ड नावाच्या ॲपवर हजारोंच्या संख्येने चर्चा करून नवीन नाव कोणतं हवं यावर मतं घेतली आणि माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की १२ सप्टेंबरला हंगामी पंतप्रधान झाल्या. हे वाचून आपल्याकडे काहींच्या अंगात येतं. पण मेलेली पोरं परत आली नाहीत, जाळलेल्या सरकारी इमारती तिथल्याच लोकांच्या पैशाच्या होत्या.

आपल्या घरात फोन हिसकावून घेतला तर काय होतं, ते बहुतेक आईबापांना माहीत आहे. दुसऱ्याच्या फोनवरून खातं चालू राहतं, आणि मग तर घरात काही कळतच नाही.

खरी अडचण फोनपेक्षा विषयाची आहे असं मला वाटतं. नीटसारखा स्वतःचा विषय मिळाला तर पोरं हिशोब मागतात. नाही मिळाला तर दुसऱ्याने दिलेली रील लावतात. आणि आपल्या तालुक्यांत विषयांची काय कमी आहे का? एसटीचंच घ्या. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे. पण सकाळची गाडी आलीच नाही तर मोफत पास घेऊन करायचं काय? फाट्यावर दोन तास उभी राहणारी पोरगी याबद्दल कुठेच लिहीत नाही. तसंही मुली या ऑनलाईन राजकारणात दिसतच नाहीत. 'असर'मध्येच आहे, फोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के, मुली २७ टक्के. आणि ज्या मुलीकडे फोन आहे तिने राजकारणावर एक कमेंट केली की खाली काय काय येतं, ते इथे लिहिता येणार नाही. म्हणून चर्चा मुलग्यांची, विषयही मुलग्यांचे. एसटीचा विषय फाट्यावरच राहतो.

याच विषयावर पोरांना काय करता येईल? माहितीचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे, कायद्यात वयाची अट लिहिलेली नाही. महात्मा गांधींना राष्ट्रपिता ही पदवी सरकारने कधी दिली, असा अर्ज २०१२ मध्ये लखनऊच्या एका दहा वर्षांच्या मुलीने केला होता आणि केंद्र सरकारला ते शोधत बसावं लागलं. आपल्या अकरावीच्या वर्गाने आगाराला एवढंच विचारावं: जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आमच्या मार्गावर ठरलेल्या फेऱ्या किती, सुटल्या किती, रद्द किती, कारण काय. अर्ज एकाच विषयाचा, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तराला ३० दिवस. आलेला कागद मग खुशाल स्टेटसला ठेवा. त्यावर कुणाच्या भावना दुखावणार नाहीत, आगारप्रमुखांचं डोकं थोडं दुखेल.

शाळांनाही इथे काम आहे. निवडणूक आयोगाने नववी ते बारावीच्या मुलांसाठी मतदार साक्षरता मंडळं काढली आहेत. बऱ्याच शाळांत त्यांचं अस्तित्व २५ जानेवारीच्या शपथेपुरतं आणि फोटोपुरतं असतं. त्या मंडळात महिन्यातून एक तास व्हायरल झालेली एक पोस्ट घेऊन बसलं, ही कुणी बनवली, तारीख कुठली, फोटो कुठला, एवढं मुलांनाच शोधायला लावलं, तर नागरिकशास्त्राच्या धड्यापेक्षा जास्त शिकवून होईल. सरांना राजकारणात पडायची भीती वाटते, ते समजण्यासारखं आहे. पण पक्षाचं नाव न घेता तारीख तपासता येते.

ग्रामपंचायतीत बालस्नेही गावाच्या नावाखाली बालसभा घ्यायची असते. तिथेही लहान मुलांना बिस्किटं वाटून फोटो काढण्यापेक्षा नववी-दहावीच्या पोरांपुढे गावाचा आराखडा ठेवा. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा कुठे गेला हे त्यांनी विचारलं तर सरपंचांना घाम फुटेल, हे मान्य.

आणि ज्यांची १७ वर्षं पूर्ण झाली आहेत, त्यांच्यासाठी शेवटची कामाची गोष्ट. मतदार नोंदणीचा अर्ज १७ पूर्ण झाल्यावर आगाऊ भरता येतो. फॉर्म क्रमांक ६, ऑनलाईन किंवा गावच्या बीएलओकडे. वर्षातून चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. यातल्या ज्या तारखेला १८ पूर्ण होतील, त्या तिमाहीत नाव यादीत येतं. सोबत वयाचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. बीएलओ म्हणजे बहुतेक गावांत अंगणवाडीच्या ताई किंवा शाळेतले गुरुजीच असतात, त्यांच्याकडे चौकशी करा.